‘माहीत नाही’ वेगळं आणि ‘सांगत नाही’ वेगळं

संपादक महोदय,
स.न.

पीएचडीबद्दल पेपरात काही छापून आलं की मी ते आवर्जून वाचते आणि बहुतेक वेळा त्यात एक वाक्य असतंच, की संशोधन करणाऱ्यांनी अनिश्चितता स्वीकारायला शिकलं पाहिजे. सेमिनारमध्ये पण हेच सांगतात, सिनियर पण हेच सांगतात. मला ते पटतं, अगदी मनापासून पटतं, पण गेल्या चार वर्षांत मला असं दिसलंय की या एका शब्दाखाली दोन पूर्ण वेगळ्या गोष्टी खपून जातात. त्यातली एक विद्यार्थ्याने खरंच स्वीकारायची असते आणि दुसरी कुणीच स्वीकारू नये, ना विद्यार्थ्याने, ना गाईडने, ना युनिव्हर्सिटीने. त्याबद्दल सविस्तर लिहायचं होतं. पत्र लांबलंय, जमलं तर पूर्ण छापा.

आधी माझ्याबद्दल थोडं. मी एका मॅन्युफॅक्चरिंग कंपनीच्या परचेस डिपार्टमेंटमध्ये बारा वर्षं काम केलंय, अजूनही करतेय, आणि नोकरी सांभाळून मॅनेजमेंटमध्ये पीएचडी करतेय. ऑफिसमध्ये आमची सवय अशी असते की मीटिंगला जाताना उत्तर घेऊनच जायचं. वेंडर, म्हणजे माल पुरवणारा, बदलायचा का, रेट किती खाली येईल, माल कधी लागेल, साहेबांना हो किंवा नाही पाहिजे असतं आणि सारखं ‘बहुतेक’ म्हणणाऱ्या माणसाकडे कुणी फारसं बघत नाही. बारा वर्षांत ही सवय अंगात मुरते. आतून खात्री नसली तरी आवाजात खात्री आणायची, हे कुणी शिकवत नाही पण सगळ्यांना येतं. आणि मग असा माणूस पस्तिशीनंतर संशोधनाला येतो आणि तिथे त्याला पहिल्याच दिवशी सांगतात की तुला जे ठामपणे माहीत आहे ते जरा बाजूला ठेव. बिझनेसमध्ये पीएचडी किंवा डीबीए (नोकरी करणाऱ्यांसाठीची बिझनेसमधली डॉक्टरेट) करणारे पुष्कळ जण असेच नोकरीतून आलेले असतात, त्यामुळे हा धक्का आमच्या विषयात जास्त जोरात बसतो असं मला वाटतं.

माझा प्रश्न साधा होता. चांगले वेंडर कंपनीला सोडून का जातात? आणि मला उत्तर माहीत होतं. पेमेंट उशिरा मिळतं म्हणून जातात, हे मी बारा वर्षं डोळ्यांनी बघितलेलं. गाईड मॅडमनी सिनॉप्सिस, म्हणजे संशोधनाचा आराखडा, वाचला आणि एवढंच विचारलं की यात चुकीचं निघू शकेल असं काय आहे? मला सांगताच आलं नाही. त्या म्हणाल्या, मग हे संशोधन नाही, हा रिपोर्ट आहे, रिपोर्ट वाईट नसतो पण त्याला पीएचडी लागत नाही. त्या रात्री झोप लागली नाही. चिडले होते, आणि घाबरले पण होते, कारण जे आपल्याला पक्कं माहीत आहे असं वाटतं तेच हातातून काढून घेतलं तर उरतं काय.

त्याच सुमारास फ्रँक नाइट या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाबद्दल वाचायला मिळालं. बिझनेस शिकणाऱ्याला नाइटचं नाव कधी ना कधी भेटतंच, कारण रिस्क आणि अनसर्टन्टी यातला फरक त्याने १९२१ च्या पुस्तकात नीट मांडला. रिस्क म्हणजे जिथे काय काय होऊ शकतं आणि त्याची शक्यता किती हे मोजता येतं, फासा टाकल्यासारखं, किंवा इन्शुरन्स कंपनी हजारो इमारतींचा हिशोब करून आगीचा प्रीमियम ठरवते तसं. अनसर्टन्टी म्हणजे जिथे मोजायला आधारच नसतो, कारण अशी परिस्थिती आधी आलेलीच नसते. आणि त्याचं म्हणणं असं की धंद्यातला खरा नफा रिस्कमधून येत नाही, रिस्कचा विमा काढता येतो, तो येतो या न मोजता येणाऱ्या भागातून. एवढं सगळं क्लासमध्ये शिकवतात. पण हे पुस्तक मुळात त्याचा पीएचडीचा थिसीस होता हे मला कुणी सांगितलं नव्हतं. कॉर्नेल युनिव्हर्सिटी, १९१६. तिथे तो आला होता फिलॉसॉफी करायला, मग इकॉनॉमिक्सकडे वळला, थिसीस दिला, आणि त्याचं पुस्तक व्हायला पुढे पाच वर्षं गेली. म्हणजे अनिश्चिततेवरचा आमच्या विषयातला इतका मोठा विचार अशा विद्यार्थ्याने केला ज्याचा स्वतःचा विषयच मध्येच बदलला होता. मला याने फार धीर आला, का ते नीट सांगता येणार नाही, पण आला.

मग मी असे थिसीस शोधतच सुटले. मॅनेजमेंटचा अभ्यासक हेन्री मिंट्झबर्ग याने एमआयटीत १९६८ साली जो थिसीस दिला त्यासाठी तो पाच कंपन्यांच्या मोठ्या साहेबांबरोबर प्रत्येकी एक आठवडा बसला आणि ते दिवसभर काय करतात ते टिपत गेला. तेव्हा पुस्तकांमध्ये मॅनेजर म्हणजे प्लॅनिंग करणारा, ऑर्गनायझिंग करणारा, कंट्रोल करणारा असं ठरलेलं होतं. त्याला दिसलं ते वेगळंच, त्या लोकांच्या निम्म्या कामांना नऊ मिनिटंसुद्धा लागत नव्हती, एक काम अर्धवट सोडून दुसरं, फोन, कुणीतरी दारात उभं, असं. आता यात मला महत्त्वाचं हे वाटतं की जाताना त्याच्याकडे पुस्तकातलं उत्तर तयार होतं, तेच घेऊन गेला असता तर त्याला तेच दिसलं असतं. काय दिसेल हे ठरवून न जाता बघत बसणं, पाच आठवडे, ते पण विद्यार्थी असताना जेव्हा प्रत्येक आठवड्याचा हिशोब डोक्यात असतो, याला किती धाडस लागलं असेल हे मला आता कळतं.

तर ही पहिली अनिश्चितता. प्रश्नाची अनिश्चितता. उत्तर जगात कुणाकडेच नाहीये म्हणून तर आपण शोधतोय, आणि ती नसेल तर संशोधनच नाही. आमच्या विषयात ती अजून वाढते कारण ज्याचा अभ्यास करायचा ती गोष्टच हलत असते. केमिस्ट्रीतलं मूलद्रव्य तुमचा थिसीस होईपर्यंत तसंच राहतं, कंपनी राहत नाही. ती विकली जाते, दुसरीत विलीन होते, नवा सीईओ येतो आणि सगळी पॉलिसी बदलते. ११ मार्च २०२० ला जागतिक आरोग्य संघटनेने कोविडला महामारी म्हटलं आणि ऑफिसमधल्या टीमवर्कवर, रिटेल दुकानांवर, विमान कंपन्यांवर ज्यांचे थिसीस अर्ध्यावर होते त्यांच्या हातातल्या डेटाचा अर्थ काही आठवड्यांत बदलला. ३० नोव्हेंबर २०२२ ला चॅटजीपीटी आलं आणि कस्टमर सर्व्हिसवर काम करणाऱ्यांना तोच अनुभव. यात चूक कुणाचीच नसते. ज्यांनी हे मान्य केलं आणि ‘आता हाच प्रश्न वेगळा विचारला पाहिजे’ म्हटलं ते पुढे गेले, आणि जे जुना सिनॉप्सिस कवटाळून बसले ते अडकले, असं मी आजूबाजूला बघितलंय.

माझ्याकडे काय झालं ते सांगते. एका कंपनीने पाच वर्षांचा वेंडर डेटा द्यायचं तोंडी कबूल केलं होतं, तिथली मॅनेजमेंट बदलली आणि नवीन लोकांनी माझे फोन घेणं बंद केलं. सात महिने त्या डेटावर विसंबून होते. मग स्वतःच सर्व्हे करायचा ठरवला, तीनशेच्या आसपास वेंडरना प्रश्नावली पाठवली, पूर्ण भरून आलेल्या शंभरसुद्धा नव्हत्या, रोज रात्री मुलगा झोपल्यावर एकेकाला परत फोन करून, विनवण्या करून शेवटी कसाबसा सॅम्पल जमला. ॲनालिसिस केलं. पेमेंटला होणारा उशीर आणि वेंडर सोडून जाणं यात संबंधच दिसेना. बारा वर्षं जे डोळ्यांनी बघितलं म्हणत होते ते आकड्यांत नव्हतं.

त्यानंतरचे दोन आठवडे माझ्या पीएचडीतले सगळ्यात वाईट, आणि त्याबद्दल मला उघडपणे लिहायचंय कारण यातून जवळपास प्रत्येक जण जातो आणि बोलत कुणी नाही. मी सॉफ्टवेअरमध्ये एकेक व्हेरिएबल बदलून बघायला लागले. हा घेतला तर? तो काढला तर? फक्त छोटे वेंडर घेतले तर? कुठेतरी पी व्हॅल्यू, म्हणजे खरा संबंध नसतानाही नुसत्या योगायोगाने असा निकाल येण्याची शक्यता, ०.०५ या नेहमीच्या मर्यादेच्या खाली येईल आणि मग मी म्हणेन की मला पहिल्यापासून हेच तपासायचं होतं. आणि आलीच एका ठिकाणी. येणारच होती, वीस वेगवेगळे संबंध तपासले तर मुळात काहीच नसतानाही एखादा ०.०५ च्या खाली योगायोगाने येऊ शकतो. निकाल बघून झाल्यावर गृहीतक लिहायचं आणि ते आधीच ठरलेलं होतं असं भासवायचं, या प्रकाराला नॉर्बर्ट केर यांनी १९९८ मध्ये हार्किंग असं नाव दिलं. हे नुसतं तात्त्विक पाप नाही. २०१५ मध्ये मानसशास्त्रातले छापून आलेले १०० अभ्यास संशोधकांच्या एका मोठ्या गटाने पुन्हा करून बघितले, मूळच्या अभ्यासांपैकी ९७ टक्के सिग्निफिकंट, म्हणजे त्या मर्यादेच्या खालचे, होते आणि पुन्हा केल्यावर जेमतेम ३६ टक्के तसे निघाले. कारणं अनेक असतील, पण खात्रीची घाई हे त्यातलं मोठं कारण आहे असं माझं मत आहे, आणि ती घाई किती आतून येते हे मी त्या दोन आठवड्यांत स्वतः अनुभवलंय. मी फसवणूक करायला बसलेली बाई नव्हते. मला फक्त ‘माहीत नाही’ ही अवस्था सहन होत नव्हती.

मॅडमना ते टेबल दाखवलं. त्यांनी बराच वेळ बघितलं आणि म्हणाल्या, संबंध सापडला नाही हेच लिही, आणि आता त्या लोकांना जाऊन भेट.

भेटले. सत्तावीस जण, कुणी वर्कशॉपमध्ये, कुणी गाडीत बसून, कुणी फोनवर. आणि साधारण सातव्या-आठव्या मुलाखतीनंतर एक गोष्ट परत परत कानावर यायला लागली, जी माझ्या प्रश्नावलीत विचारलेलीच नव्हती. पेमेंट नव्वद दिवसांनी मिळणार हे आधी माहीत असेल तर बहुतेक वेंडर त्याचा हिशोब बसवून घेत होते, बँकेतून उचल घेत होते, कच्चा माल त्याप्रमाणे आणत होते. सोडून गेले ते बरेचसे असे होते ज्यांना पंचेचाळीस दिवस सांगून कधी चाळिसाव्या दिवशी तर कधी शंभराव्या दिवशी पैसे मिळायचे आणि मधल्या काळात फोन केला की ‘प्रोसेसमध्ये आहे’ एवढंच उत्तर. एक जण म्हणाला, मॅडम, उशीर झाला तर मी बघून घेतो हो, पण नक्की कधी ते कुणीतरी सांगा. दुसऱ्याने त्याच्या मुनीमाची डायरी दाखवली, त्यात आमच्यासारख्या एका कंपनीच्या नावापुढे तारखेच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं. मी परचेसच्या खुर्चीत बसून हे ‘प्रोसेसमध्ये आहे’ शेकडो वेळा म्हटलेलं आहे. मला ते फोन आठवले, आणि त्या मुलाखतीच्या शेवटी मला नीट बोलता येत नव्हतं.

सत्तावीस मुलाखतींवरून जगाचा नियम काढता येत नाही, मी थिसीसमध्ये पण तसा दावा करत नाहीये. पण याला मागे आधार आहे. अर्थशास्त्रज्ञ डॅनियल एल्सबर्गने १९६१ मध्ये एक साधा प्रश्न मांडला होता, एका भांड्यात पन्नास लाल आणि पन्नास काळे चेंडू आहेत, दुसऱ्यात मिळून शंभरच पण लाल किती काळे किती हे माहीत नाही, पैज कुठल्यावर लावाल? बहुतेक लोक पहिलं भांडं निवडतात, मग पैज लाल चेंडूवर असो की काळ्यावर. माणसाला नुसता तोटा होण्याची भीती वाटते असं नाही, आपल्याला किती माहीत नाही हेच माहीत नसणं त्याला जास्त नको असतं.

आणि इथे मला दुसरी अनिश्चितता दिसली, जिच्यासाठी मी खरं तर हे पत्र लिहितेय.

माझ्या प्रोग्रेस रिपोर्टवर कमिटीची मीटिंग व्हायची होती. आठ महिने ती कधी होणार हे कुणी सांगितलं नाही. ऑफिसला ई-मेल केले, उत्तर नाही. समक्ष गेले तर सांगितलं की कळवू. एक सदस्य भेटले, त्यांना विचारलं, ते प्रेमानेच म्हणाले की संशोधनात पेशन्स लागतो, अनिश्चिततेत राहायला शिका. माझ्याबरोबरच्या एका मुलाचा चॅप्टर त्याच्या गाईडकडे पाच महिने न उघडता पडून होता, दर वेळी ‘पुढच्या आठवड्यात बघतो’. दुसरीची फेलोशिप कधी दोन महिन्यांनी तर कधी सहा महिन्यांनी यायची आणि ती विचारायला गेली की तिलाच ऐकवायचे, पैशासाठी संशोधन करतेस का. ही सगळी वाक्यं मी माझ्या मुलाखतींच्या ट्रान्स्क्रिप्टच्या शेजारी ठेवून बघितली. ‘प्रोसेसमध्ये आहे.’ ‘कळवू.’ ‘पुढच्या आठवड्यात.’ वेंडर बोलत होता की पीएचडीचा विद्यार्थी हे ओळखता येत नव्हतं.

मीटिंगची तारीख ही विश्वातली न सुटलेली गोष्ट नाहीये. ती कुणीतरी ठरवायची असते, किंवा ठरलेली असते आणि सांगितली जात नाही. चॅप्टर वाचला की नाही हे गाईडला माहीत असतं. फेलोशिपची फाईल कुठल्या टेबलावर आहे हे त्या टेबलावरच्या माणसाला माहीत असतं. याला अनिश्चितता म्हणायचं आणि वर ती स्वीकारायला सांगायचं, यात नाइटचा, एल्सबर्गचा, सगळ्यांचाच अपमान आहे असं मला वाटतं. मी आता स्वतःला एकच प्रश्न विचारते, या गोष्टीचं उत्तर आत्ता कुणाकडे आहे का? नसेल तर ती माझी, मी तिच्याबरोबर राहीन, शोधीन, चुकेन. असेल तर ते मागायचं. सभ्यपणे, लेखी, परत परत, पण मागायचं.

आणि या दोन्हीची गल्लत होते त्याची किंमत मोठी आहे. २०१७ मध्ये ‘रिसर्च पॉलिसी’ या जर्नलमध्ये बेल्जियममधल्या फ्लँडर्स भागातल्या ३,६५९ पीएचडी विद्यार्थ्यांचा अभ्यास आला होता. त्यात साधारण तीनपैकी एकाला मानसिक आजाराचा, विशेषतः डिप्रेशनचा, धोका असल्याचं दिसलं, आणि हे प्रमाण इतर उच्चशिक्षित लोकांपेक्षा जास्त होतं. त्याचा संबंध कशाकशाशी होता तर घर आणि काम यांची ओढाताण, कामाचा बोजा, निर्णयात आपलं किती चालतं, आणि सुपरवायझर कसा वागतो. यातल्या बऱ्याचशा गोष्टी कामाच्या जागी माणसंच ठरवतात. म्हणून जेव्हा कुणी खचलेल्या विद्यार्थ्याला ‘तुझी अनिश्चितता सहन करायची ताकद कमी पडते’ असं सांगतो तेव्हा मला राग येतो. बऱ्याचदा त्याची ताकद दुसऱ्याच अनिश्चिततेने आधीच खाल्लेली असते, जिथे लावायची तिथे लावायला ती शिल्लकच राहत नाही. माझंच बघा, ज्या आठ महिन्यांत मी रोज सकाळी कमिटीचा मेल आलाय का बघत होते त्या आठ महिन्यांत मी एकही धाडसाचा प्रश्न विचारला नाही. सगळी सुरक्षित कामं केली, संदर्भ नीट लावणं, फॉरमॅट बदलणं, जुन्या चॅप्टरची भाषा सुधारणं.

पहिल्या अनिश्चिततेबरोबर कसं राहायचं याबद्दल मला सगळ्यात जास्त मदत झाली ती सरस सरस्वती यांच्या कामाची. योगायोगाने त्यांचे पण सत्तावीसच जण, सत्तावीस अनुभवी उद्योजक. कार्नेगी मेलनमध्ये हर्बर्ट सायमन यांच्या मार्गदर्शनाखाली केलेला तो पीएचडीचा अभ्यास, त्यावरचा त्यांचा गाजलेला पेपर २००१ चा. सगळ्यांना एकच काल्पनिक प्रॉडक्ट दिलं आणि धंदा उभा करताना जे निर्णय घ्यावे लागतात ते घेताना मोठ्याने बोलत विचार करायला सांगितलं. हे लोक आधी ध्येय ठरवून मग साधनं गोळा करत नव्हते. मी कोण आहे, मला काय येतं, मी कुणाला ओळखतो, इथून सुरुवात करत होते. आणि नफा किती होईल यापेक्षा किती गमावणं मला परवडेल हे आधी बघत होते. हे मी थेट माझ्या थिसीसला लावलं. एखादी नवी दिशा दिसली की ‘यातून काय निघेल’ हा प्रश्न आता विचारत नाही, कारण ते कुणीच सांगू शकत नाही. यावर सहा आठवडे वाया गेले तर चालेल का एवढंच ठरवते, कॅलेंडरवर तारीख लिहिते, आणि त्या तारखेपर्यंत मागे वळून बघत नाही. मुलाखती घ्यायचं असंच ठरलं होतं. परचेसमधली ओळखीपाळखी, जिचा संशोधनात काही उपयोग नाही असं मला वाटायचं, तीच शेवटी कामाला आली, त्या सत्तावीस जणांनी वेळ दिला तो मला ओळखत होते म्हणून.

रिव्ह्यूचं पण असंच. पेपर जर्नलला पाठवला की तो चांगला आहे की नाही हे खरोखरच माहीत नसतं, रिव्ह्यूअरलाही लगेच कळत नाही. अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकेरलॉफचा जुन्या गाड्यांच्या बाजारावरचा पेपर, विकणाऱ्याला जास्त माहीत असतं आणि घेणाऱ्याला कमी, त्यामुळे चांगला माल बाजारातून बाहेर कसा पडतो, हा तीन जर्नलनी परत पाठवला होता. १९७० मध्ये चौथ्याने छापला, २००१ मध्ये त्याच विषयावरच्या कामाला नोबेल मिळालं. प्रत्येक रिजेक्ट झालेला पेपर तसा नसतो हे मला कळतं, माझा पहिला पेपर परत आला तो योग्यच होता, त्यात मुद्दाच नव्हता. पण नकार आला म्हणजे निकाल लागला असं मी आता समजत नाही.

मला काही मागण्या करायच्या आहेत आणि त्या अवघड नाहीत. युनिव्हर्सिटीने कमिटीच्या मीटिंगच्या तारखा वर्षाच्या सुरुवातीला जाहीर कराव्यात, पुढे ढकलल्या तर नवी तारीख त्याच दिवशी सांगावी. गाईडने चॅप्टर हातात घेताना सांगावं की मला इतके दिवस लागतील, दोन महिने लागणार असतील तर दोन महिने सांगावं, आम्ही थांबू, खरंच थांबू. कंपन्यांनी डेटा द्यायचं कबूल केलं तर लेखी द्यावं आणि देणार नसतील तर स्पष्ट नाही म्हणावं, ‘नाही’ ऐकून विद्यार्थ्याचं वर्ष वाचतं. टायटल बदलायची पद्धत इतकी किचकट ठेवू नये की विद्यार्थी चुकीचा प्रश्न घेऊनच शेवटपर्यंत चालत राहील. आणि ज्या थिसीसमध्ये गृहीतक खरं निघालं नाही तो कमी दर्जाचा समजू नये, व्हायवामध्ये, म्हणजे शेवटच्या तोंडी परीक्षेत, परीक्षकांनी ‘मग हाती काय लागलं’ असं हिणवून विचारू नये, कारण त्या एका प्रश्नाच्या भीतीने मागे किती जण आकडे पिळत बसतात ते मी सांगितलंच.

घरच्यांसाठी पण एक. ‘कधी संपणार?’ हा प्रश्न तुम्ही काळजीने विचारता हे आम्हाला कळतं, पण त्याचं उत्तर आमच्याकडे नसतं आणि दर वेळी ते नसल्याचं परत एकदा कबूल करावं लागतं. माझ्या सासऱ्यांनी मागच्या वर्षी एकदा वेगळंच विचारलं, सध्या नक्की काय शोधते आहेस गं? मी त्यांना मुनीमाच्या डायरीतली ती प्रश्नचिन्हं सांगितली. ते स्वतः आयुष्यभर अकाउंट्समध्ये होते. बराच वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, आम्ही पण लोकांना तारखा द्यायचो नाही, वाटायचं दिली तर बांधले जाऊ. हे वाक्य मी त्यांची परवानगी घेऊन डिस्कशनच्या चॅप्टरसाठी लिहून ठेवलंय, कारण कंपन्या तारीख का सांगत नाहीत याकडे मी तोपर्यंत वळलेच नव्हते, आणि आता तोच पुढचा प्रश्न झालाय. त्याचं उत्तर मला माहीत नाही.

माझा दुसरा पेपर सध्या एका जर्नलकडे आहे. त्यांनी पोहोच देतानाच कळवलंय की निर्णयाला साधारण चार महिने लागतील. आज सत्तर दिवस झाले. मी मेल उघडून बघत नाही, पुढच्या महिन्यात बिल पास करणाऱ्या लोकांच्या मुलाखती सुरू करतेय, त्यांची प्रश्नावली तयार करायला घेतलीये.

आपली,
एक संशोधक विद्यार्थिनी